पेमादे चारच ठेव

प्रिय मिलिंद,
स. न. वि. वि.

बालीतल्या उबुदच्या कार्यक्रमाचा तुझा आराखडा नीट वाचला. कीबोर्ड, दोन पेमादे (कांशाच्या पट्ट्यांची, हातोडीनं वाजवायची वाद्यं), रेयोंग (ओळीनं मांडलेल्या छोट्या गाँगांचं वाद्य), केंदांग या ढोलांची जोडी, मोठा गाँग आणि सगळ्यांच्या कानात क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक. मंच लहान आहे हे मान्य, पण पेमादे दोनवर आणू नकोस. चारच ठेव. बाकी काहीही कमी कर.

चार का, ते सांगतो. बालीच्या गाँग कब्यार या वाद्यवृंदात पट्ट्यांची बहुतेक वाद्यं जोडीनं घडवतात. जोडीतलं एक किंचित उतरतं, त्याला पेंगुंबांग म्हणतात, आणि दुसरं किंचित चढतं, ते पेंगिसेप. एकाची पट्टी ४०० हर्ट्झला बोलली तर दुसऱ्याची तीच पट्टी ४०७ ला. दोन्ही एकदम वाजली की सेकंदाला सात हेलकावे ऐकू येतात. यालाच ओंबाक म्हणतात, म्हणजे लाट. आपण तंबोऱ्याच्या दोन तारांत असा हेलकावा ऐकला की लगेच मणी सरकवतो. तिथे सुरावट, म्हणजे पट्ट्यांची स्वरजुळणी, लावणारा तोच हेलकावा मुद्दाम राखतो. कांशाचा सूर जिवंत वाटतो तो यानंच.

दुसरी वाटणी लयीची. कोतेकान या गुंफणीच्या वादनात एकच द्रुत ओळ पोलोस आणि सांगसिह अशा दोन वादकांत विभागलेली असते. 'तेलू' प्रकारात तीन स्वर असतात. खालचा पोलोसचा, वरचा सांगसिहचा, मधला दोघांचा. मिनिटाला १५० मात्रा आणि मात्रेत चार स्वर धरले तर सेकंदाला दहा स्वर होतात. एका हातानं हे निभत नाही, कारण उजवा हात पुढची पट्टी वाजवतो त्याच क्षणी डाव्याला आधीची पट्टी चिमटीत धरून मुकी करावी लागते. या मुकं करण्याला, म्हणजे तेतेकेपला, जरा उशीर झाला की दोन स्वर एकमेकांत सांडतात आणि सगळी ओळ गढूळ होते. कोवळ्या वादकाची परीक्षा त्याच्या डाव्या हातावरून होते.

आता हिशेब कर. पोलोस दोन, सांगसिह दोन, आणि प्रत्येकात एक उतरता, एक चढता. झाले चार. दोनच घेतलेस तर ओंबाक तरी जाईल किंवा कोतेकान तरी.

माइक लावतानाही हेच सांभाळ. जोडीतल्या एकाच वाद्याला माइक लावला तर सभागृहात लाट पोचतच नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की वाद्यच बेचव आहे. दोघांना वेगळे माइक दे, पण एक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे असं करू नकोस. दोन्ही आवाज एकाच जागी मिसळ. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) जवळजवळ नकोच, कोतेकानची कड त्यात विरघळते. गाँगवर कॉम्प्रेसर (आवाजातला लहानमोठेपणा आवळणारं यंत्र) जोरात बसवलास तर आघात दबतो, शेपूट फुगते आणि गाँगच्या स्वतःच्या संथ हेलकाव्याचा आकारच बिघडतो.

कीबोर्डचं प्रकरण जास्त नाजूक आहे. पेमादेचा एक स्वर ध्वनिमुद्रित करून तो सॉफ्टवेअरनं सप्तकभर वर नेऊ नकोस, कारण स्वराबरोबर लाटही दुप्पट वेगानं धावू लागते. सेकंदाला सातच्या चौदा. चांगला सुरावट लावणारा खालपासून वरपर्यंत लाटेचा वेग शक्य तितका सारखा राखतो. म्हणून पेंगुंबांग २०० वरून ४०० वर गेला, तर पेंगिसेप २०७ वरून ४१४ वर न जाता ४०७ वर जातो. प्रत्येक पट्टी वेगळी मुद्रित कर, दोन्ही वाद्यांची. शिवाय एका संचाची सुरावट दुसऱ्या संचाला जुळत नाही, त्यामुळे कुठलीही तयार सुरावट कामाची नाही. पेमादेला दहा पट्ट्या. चारांच्या मिळून हर्ट्झमधले चाळीस आकडे मोजून घे.

क्लिक सगळ्यांना देऊ नकोस. तिथे लय केंदांग हाकतो. तो इशारा करतो आणि सगळा समूह एका श्वासात थबकतो किंवा धावतो. कानातल्या टिकटिकीनं हे मरतं. फार तर केंपली हा छोटा गाँग वाजवणाऱ्याला दे, कारण मात्रा धरून ठेवणं हे त्याचंच काम. त्याहून बरं म्हणजे संगणकाचे तुकडे एखाद्या वादकानं केंदांगकडे बघत हातानं सोडावेत. मोजण्यातही गफलत होईल. आपली सम आवर्तनाच्या आरंभी, त्यांचा गाँग शेवटी. ते 'आठ' म्हणतील तिथे गाँग पडेल आणि तुझा कीबोर्ड तिथेच 'एक' दाखवेल. पहिल्या तालमीतच हे बोलून घे.

नवं करण्यात वावगं काहीच नाही. बालीचे संगीतकार देवा आलित यांनी २००७ मध्ये गामलान सलुकत हा वाद्यवृंद उभा केला तो नव्या सुरावटीचा संच घडवून. बॉस्टनजवळच्या एमआयटी विद्यापीठात १९९३ मध्ये सुरू झालेल्या गालाक तिका या गामलान समूहानं तर इलेक्ट्रिक गिटारही शेजारी बसवली. मला सलुकतची वाट जास्त पटते. तिथे नवेपणा कांशातच ओतलेला आहे.

दोन बारीक गोष्टी. वातानुकूलित हॉलच्या कोरड्या हवेत पट्ट्यांखालच्या बांबूच्या नळ्या तडकतात आणि तेवढीच पट्टी बसक्या आवाजात बोलू लागते. वाद्यं थेट हवेच्या झोताखाली ठेवू नकोस. आणि केबल टाकताना वाद्य ओलांडू नकोस, वळसा घाल. प्रयोगाआधी वाद्यांना नैवेद्य ठेवतात, त्यासाठी वेळापत्रकात अर्धा तास मोकळा सोड.

चाळीस आकडे हातात आले की पाठव. कीबोर्डची सुरावट इथून बसवून देतो.

तुझा,
अविनाश