तिसऱ्या दिवशीचं इंजेक्शन

चि. शुभास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी रात्री तू आईला फोनवर म्हणालीस, सर्व्हेला गेलो होतो तिथं कुत्र्याच्या पिल्लानं पोटरीला ओरबाडलं, लगेच जाऊन एक इंजेक्शन घेतलंय, दुसरं गुरुवारी. शिरवळच्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात असताना तुमची रेबीजची आधीची इंजेक्शनं झालेली, म्हणून आता दोनच पुरतात, त्याच दिवशी एक आणि तिथून तिसऱ्या दिवशी एक, हेही तू तिला समजावून सांगितलंस. गुरुवारी संध्याकाळी तिनं विचारलं तर म्हणालीस, "घेते." आज शनिवार. दूध संस्थेत मी सत्तावीस वर्षं किर्द लिहिली. "भरतो" म्हणणाऱ्याची रक्कम मी कधी जमेला धरली नाही. तेव्हा घेतलं असशील तर "घेतलं" असं एकदा सांग.

हे पत्र पोचेपर्यंत गुरुवार पार मागं पडलेला असेल, हे मला कळतं. तरी लिहितोय. फोन तुझी आई धरते आणि मी शेजारी बसून ऐकतो. जानेवारीपासून असंच चाललंय आणि त्याला कारण मी आहे. म्हणून घेवडा नि चटणीच्या पिशवीत हा कागद घालतोय.

सातारच्या स्टँडवर मी बोललो ते बोलायला नको होतं. "धड जनावरांची डॉक्टर राहिली नाहीस नि माणसांचीही होणार नाहीस." तू काही उलट बोलली नाहीस. पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळत उभी राहिलीस. स्वारगेटची गाडी लागली, तू चढलीस आणि खिडकीतून आईकडं बघून हात केलास. साडेपाच वर्षं जनावरांचं शिक्षण झालं, आता परीक्षा देशील, पशुधन विकास अधिकारी होशील, जिल्ह्यातच कुठंतरी दवाखाना मिळेल, हे मी मनात पक्कं धरलं होतं. आत्याच्या गाळ्याचंही बोलून ठेवलं होतं. त्यात तू म्हणालीस, त्रिवेंद्रमला श्रीचित्रा संस्थेत एमपीएच करायचंय, माणसांच्या सार्वजनिक आरोग्याचं, दोन वर्षं. मला वाटलं, पोरीनं पिकात आलेलं रान सोडलं.

आता थोडं थोडं उमगतंय. आईनं तुझ्या सांगण्यावरून वहीत लिहून ठेवलंय, ते मी दोनदा वाचलं. तुझ्या बाकावर एक दाताची डॉक्टर, पुढं नर्सिंग केलेली मुलगी, एक समाजकार्यवाला, एक इंजिनिअर. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्याचं अर्थकारण आणि माणसं आजाराकडं कशी बघतात याचं शास्त्र, हे सगळ्यांना सारखंच. तू सांगत होतीस, पहिल्या महिन्यात सगळेच अडाणी. डॉक्टरला गणित येत नाही, गणितवाल्याला खाटेवरचा माणूस दिसत नाही, आणि दोघांनाही गोठा ठाऊक नाही. शेवटचं वाक्य आईनं मोठ्यानं वाचलं. गोठा तुला ठाऊक आहे. तिसरीत असताना पेंड कालवायला शिकलीस.

पण पोरी, इंजेक्शन चुकवू नकोस. सर्व्हेला जाताना पायात बूट घाल, चपलेवर जाऊ नकोस. अंगणात कुत्री असतील तर घरच्या माणसाला बाहेरूनच हाक मार, फाटक आपलं आपण उघडू नकोस. आता हे मी कुणाला शिकवतोय? शंभर कुत्र्यांना लस टोचलेल्या पोरीला. राहू दे.

माझ्या तापाचं वर्ष तुला आठवत असेलच, पण मला कसं आठवतं ते तुला कधी सांगितलं नाही. चंद्री सातव्या महिन्यात गाभडली. वार पडेना. डॉक्टर पलीकडच्या गावात अडकलेले. रात्र झाली, गाय कण्हायला लागली, तेव्हा मी कोपरापर्यंत हात घातला. आदल्या दिवशी उसाच्या पात्यानं मनगट चिरलेलं होतं. गरम पाण्यानं हात धुतले, झोपलो. तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. दिवसभर ठीक, संध्याकाळी अंग तापायचं, रात्री घामानं गंजी पिळून निघायची, सकाळी पुन्हा माणसात. कंबर अशी धरली की धारेला बसता येईना. एकानं टायफॉइड म्हणून औषध दिलं. दुसऱ्यानं मणक्याचा एक्स-रे काढला. तिसऱ्यानं छातीचा फोटो काढून टीबीची शंका घेतली. चार महिने गेले नि आठ किलो वजन गेलं. सगळे शिकलेले होते, कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. पण घरी गाय आहे का, हे एकानंही विचारलं नाही. आणि गायीच्या डॉक्टरनं घरात कुणाला ताप आहे का, हे विचारलं नाही.

तू रविवारी शिरवळहून आलीस. माझ्या कपाळाला हात लावायच्या आधी गोठ्यात गेलीस आणि तिथूनच ओरडलीस, "चंद्री कुठाय?" आई म्हणाली, गाभडली, मग पुन्हा गाभण राहीना, म्हणून विकली. तू आत आलीस. "वार कुणी काढली?" मी म्हणालो, मी. "हातमोजे?" मी गप्प. तू उंबऱ्यावर बसलीस आणि बराच वेळ माझ्या मनगटाकडं बघत राहिलीस. त्या तिन्हीपैकी कुणाच्या कागदावर नव्हता तो शब्द तू चिठ्ठीवर लिहून दिलास, ब्रुसेलोसिस, जनावरातून माणसात येणारा ताप. रक्त तपासलं, तेच निघालं. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे, एक दिवस न चुकवता. लघवी तांबूस केशरी झाली तेव्हा आई रडायला लागली, तू तिला फोनवर हसत समजावलंस की गोळीचा रंग आहे.

गोळ्या घेताना मी टाळाटाळ करू नये म्हणून तू मला माल्टा बेटाची गोष्ट सांगायचीस. तिथल्या इंग्रज शिपायांना असाच चढउताराचा ताप यायचा, डेव्हिड ब्रूस नावाच्या डॉक्टरनं १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो शरीरात येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. तिथलाच झमित नावाचा डॉक्टर, त्यानं शेळ्या तपासल्या आणि वाट सापडली, कच्चं दूध. जंतू सापडून अठरा वर्षं गेली, कारण ताप माणसाला होता आणि सगळे माणसालाच तपासत होते. तेव्हा मी नुसतं हूं म्हणायचो. आता तू काय शिकायला गेलीस हे कुणी विचारलं तर मला हीच गोष्ट आठवते.

माझ्या तापाच्या वर्षातली एक गोष्ट मी आजवर तोंडावर आणली नाही. चंद्री ज्याच्या दावणीला गेली त्याला आपण सांगायला पाहिजे, असं तू म्हणालीस. मी म्हणालो, कशाला, पैसे परत मागेल. तू एकटी स्कूटर काढून गेलीस. त्याच्या घरातल्या माणसांना दूध उकळल्याशिवाय पिऊ नका म्हणालीस, दुसऱ्या गायी तपासायला लावल्यास. मला रात्रभर झोप लागली नाही. घरी बापाची काळजी करणारी मुलगी खूप जणांना असते. अनोळखी माणसाच्या गोठ्यापर्यंत ती काळजी नेणारी माझी आहे. हे मी स्टँडवर म्हणायला पाहिजे होतं.

२०२२ ला लंपी आली तेव्हा संस्थेत दुधाचे कॅन परत यायला लागले, लोक घरात चहा कोरा करत होते. लंपी माणसाला होत नाही हे तू दारोदार सांगितलंस. तेव्हाही गाठीवर औषध एका बाजूला आणि माणसाच्या मनातली भीती एका बाजूला, दोन्ही तुलाच करावं लागलं. आणि महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याची पुण्याच्या विषाणू संस्थेची बातमी २०२१ ला आली, तेव्हा ओढ्याकाठच्या वडाला धूर द्यायला पोरं निघाली होती. तू म्हणालीस, हात लावू नका, पिटाळलीत तर दुसरीकडं जातील, उष्टी फळं तेवढी खाऊ नका. वड आहे, वटवाघळं आहेत, सगळे आहेत.

परवा चेअरमननी विचारलं, मुलगी काय करते. मी सांगितलं, ताप जनावरातून माणसात कसा येतो, गावात कुठून शिरतो, किती घरांत जाईल आणि तो थांबवायला किती खर्च येईल, ते शिकते. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे नोकरी कुठं?" मला उत्तर देता आलं नाही. तुलाही आत्ताच द्यायची गरज नाही. पाव्हण्यांनाही मी हल्ली पुढचं बोलू देत नाही. बँकेच्या हप्त्याचं मनावर घेऊ नकोस, आल्याचं पीक निघालं की बघू.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो.

माळ्यावरचा पोचा पडलेला तांब्या तू लहानपणी खाली काढला होतास, आणि आजीनं तो तुझ्या हातातून घेऊन परत वर ठेवला होता. त्यात पाणी का भरत नाही, असं तू विचारलंस, कुणी सांगितलं नाही. १९८३ साली मी नववीत होतो. बाळूदादाला मळ्याच्या वाटेवर कुत्रं चावलं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं असत, रोज एक. तालुक्याला त्याला सायकलवर डबलसीट मी न्यायचो, जाऊन येऊन बावीस किलोमीटर. नऊ झाली. दहाव्या दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी आपल्या उसाला आली. रात्रभर दारं धरली होती. सकाळी दादा म्हणाला, जखम भरलीय की, आज राहू दे, उद्या जाऊ. मी सायकल काढली नाही. मग उद्या झालं, परवा झालं. घरात मोठी माणसं होती, पण न्यायचं काम माझं होतं. दीड महिन्यानं एका दुपारी त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला. त्यानं तोंडाजवळ नेला आणि भिंतीवर भिरकावला. मला वाटलं रागावला. पुन्हा भरून नेला, तर नुसत्या आवाजानं त्याचा गळा आवळायला लागला. पुढचे तीन दिवस मी लिहीत नाही.

तू शिरवळहून आल्यावर एकदा म्हणालीस, अप्पा, ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत, कमजोर होती, चौदा घेऊनही काहीजण जायचे, २००४ नंतर आपल्याकडं बंदच झाली. तुला हे सगळं ठाऊक नव्हतं, तू सहज सांगत होतीस. मी गोठ्यात जाऊन बसलो. ते खरं असेल. पण राहिलेली पाच माझ्या हिशोबात राहिलेलीच आहेत.

म्हणून "घेते" हा शब्द माझ्या कानाला टोचतो. तुला भीती घालायची नाही. तुझी लस चांगली आहे, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, नुसता ओरखडा आहे. मी तुझ्यावर अविश्वास दाखवतोय असं धरू नकोस. पण ओरखडा आहे, पिल्लू आहे, वरून पाऊस आणि परीक्षा, उद्या जाऊ, हे माणसाच्या तोंडून कसं सहज येतं ते मी ऐकलंय.

घरची हकीकत. दोन्ही कालवडी पाच महिन्यांच्या झाल्या. चार ते आठ महिन्यांच्या आत ब्रुसेलाची लस, आयुष्यात एकदाच, हे तू भिंतीवर खडूनं लिहून गेलीस, ते अजून आहे, मी पुसू दिलं नाही. बुधवारी लसवाला आला, तर हातात मोजे नाहीत. ही लस जिवंत असते, सुई स्वतःला लागली तर तुलाच तो ताप येईल, असं मी त्याला सांगितलं आणि तू ठेवून गेलेल्या खोक्यातला जोड काढून दिला. त्यानं विचारलं, काका, तुम्ही कुठं शिकलात? मी तुझं नाव सांगितलं. थोरली शांत उभी राहिली, धाकटीनं दावं तोडलं. दोघींच्या कानात बिल्ले बसले, नंबर मी वहीत लिहून ठेवलेत.

आईचा गुडघा आहे तसाच. पिशवीत खाली घेवडा आहे, मध्ये शेंगदाण्याची चटणी, आल्याची वडी वरच्या डब्यात. दाताच्या डॉक्टरणीला नि नर्सिंगवालीलाही दे. तिकडचा भात तुला आवडायला लागलाय असं आई म्हणाली, बरं वाटलं.

इंजेक्शनच्या कार्डाचा फोटो आईच्या मोबाइलवर टाक. दोन्ही तारखा दिसतील असा.

तुझे
अप्पा

ता. क. पिशवी शिवल्यावर आठवलं म्हणून टाका उसवून लिहितोय. ओरखडा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतला होतास ना? आईनं हे विचारलंच नव्हतं.