माझ्या भावाला अर्ध्या वाटेवर न सोडणाऱ्या पाळकसाहेबांस

आदरणीय पाळकसाहेब,

सप्रेम सलाम.

तुमच्या निरोपाच्या उपासनेत पुष्कळ जण बोलले. मी गप्प बसले. मला जे बोलायचं होतं ते दादाचं नाव घेतल्याशिवाय बोलता आलं नसतं, आणि तशी मुभा तेव्हा मला नव्हती. आता त्यानेच सांगितलं, "लिही, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिही." म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. दादा एका खाजगी सावकाराकडे वसुलीला होता. सावकाराकडे परवाना नाही, व्याज महिन्याला शेकडा दहा, आणि हप्ता थकला की दारात दादा उभा. चारचौघांत आवाज चढवायचा, गाडीची चावी काढून घ्यायची, नाहीतर घरातली वस्तू उचलून आणायची. संध्याकाळी दारू. वहिनी मुलांना घेऊन माहेरी जायची आणि आईच्या शब्दाखातर परत यायची. आई रोज रात्री त्याच्यासाठी गुडघे टेकायची आणि तो दारात आला की उठून त्याचं ताट वाढायची.

मग ईस्टरच्या आधीच्या दुःखसप्ताहातल्या एका संध्याकाळी तो चर्चमध्ये आला, मागच्या बाकावर बसला आणि प्रार्थना चालू असताना ढसाढसा रडला. काही दिवसांनी त्याने चर्चच्या मंडळीसमोर आपण बदलल्याची साक्ष दिली. दारू सुटली ती सुटलीच, आजतागायत त्याने थेंब घेतलेला नाही. आम्हा घरच्यांना आभाळ ठेंगणं झालं. पण सोमवार उजाडला आणि दादा मोटारसायकल काढून पुन्हा वसुलीला निघाला.

मंडळीत लगेच दोन तट पडले. काही म्हणाले, साक्ष खोटी, याला प्रभुभोजनाला बसू देऊ नका. काही म्हणाले, दारू सुटली हे काय थोडं झालं, पोटाचा धंदा आहे, सोडा आता. तुम्ही दोन्हीकडच्यांचं ऐकून घेतलंत आणि कोणाचंच मानलं नाहीत. त्याला मंडळीतून बाहेर काढलं नाहीत, आणि 'आता सगळं ठीक आहे' असंही कधी म्हणाला नाहीत. माझे पहिले आभार यासाठी आहेत, कारण त्या दिवसांत यातलं कोणतंही एक करणं तुम्हाला फार सोपं होतं.

त्यानंतर बायबल अभ्यासात तुम्ही जॉन न्यूटन घेतलात. दादाचं नावही काढलं नाहीत, पण तो ऐकायला बसला होता.

न्यूटनची गोष्ट आपल्याकडे सांगतात ती अशी: गुलामांच्या व्यापारातला खलाशी, वादळ, देवाचा धावा, आणि मग 'अमेझिंग ग्रेस' हे गीत. तुम्ही म्हणालात, मधली वर्षं गाळली की ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण खरी राहत नाही. आणि तुम्ही ती वर्षं एकेक करून आमच्यापुढे मांडलीत. वादळ १७४८ च्या मार्चमधलं, जहाजाचं नाव ग्रेहाउंड. तासन्‌तास पंप मारून थकलेल्या बावीस वर्षांच्या त्या शिवराळ तरुणाच्या तोंडून "प्रभू, आमच्यावर दया कर" एवढंच निघालं, आणि स्वतःच्याच शब्दांनी तो चपापला. लहानपणी आईने त्याला शास्त्रवचनं पाठ करायला लावली होती. तो सात वर्षांचा व्हायच्या आतच ती क्षयाने गेली. ती वचनं इतक्या वर्षांनी त्या वादळात वर आली. पुढे जन्मभर तो दिवस त्याने प्रार्थनेने पाळला.

आणि तरीही तो पुन्हा त्याच व्यापारात गेला. आधी जहाजावरचा दुय्यम अधिकारी म्हणून, मग १७५० पासून १७५४ पर्यंत कप्तान म्हणून तीन सफरी. रविवारी डेकवर खलाशांसाठी उपासना चालवायचा, आणि खाली माणसं बेड्यांत. बंड होणार असा संशय आल्यावर कोवळ्या मुलांचे अंगठे यंत्रात आवळून कबुली घेतल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा खोलीत कोणी हललं नाही. व्यापार सोडला तोही सदसद्विवेकाच्या टोचणीने नव्हे, १७५४ मध्ये अचानक झटका आला आणि डॉक्टरांनी समुद्रावर जायला मनाई केली म्हणून. त्यानंतर लिव्हरपूल बंदरावरची सरकारी नोकरी, ग्रीक आणि हिब्रूचा अभ्यास, आणि १७६४ मध्ये ऑलनी या गावात पाळकपद. ते प्रसिद्ध गीत त्याने तिथे १७७३ च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठी लिहिलं. त्या दिवसाचा उतारा दावीदाच्या प्रार्थनेचा होता, मी कोण आणि माझं घराणं काय, की तू मला इथवर आणलंस. तेव्हाही गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे एक शब्द काढलेला नव्हता. तो शब्द निघायला १७८८ साल उजाडलं. वादळापासून चाळीस वर्षं.

न्यूटननेच पुढे लिहून ठेवलं आहे की त्या वादळानंतर बराच काळ आपण पुरत्या अर्थाने विश्वासू नव्हतो. हे वाक्य सांगून तुम्ही पुस्तक मिटलंत आणि प्रार्थनेला उठलात. समजावून काही सांगितलं नाहीत. ते बरं केलंत.

आमच्या घरी मात्र तुम्ही समजावून सांगितलंत. चहा झाला, आई आत गेली, आणि तुम्ही दादाला सरळ विचारलंत, "न्यूटनला चाळीस वर्षं लागली. त्या चाळीस वर्षांत किती माणसं विकली गेली, याचा हिशेब कोणी द्यायचा? देव धीर धरतो, पण ज्याच्या दारात तू उभा राहतोस त्याने किती धीर धरायचा?" दादा म्हणाला, "साहेब, मग माझी साक्ष खोटी का?" तुम्ही म्हणालात, "खोटी असती तर मी आलोच नसतो. कृपा घरात आली आहे. तू तिला ओटीवर बसवून ठेवलंस, आत येऊ देत नाहीस." मग तुम्ही लूकचा एकोणिसावा अध्याय काढलात. त्यातला जक्कय म्हणजे कर गोळा करणारा, तर वसुलीवालाच. येशूने त्याला झाडावरून खाली बोलावलं तेव्हा कोणतीही अट घातली नव्हती, "आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे" एवढंच. आणि लुबाडलेलं चौपट परत करण्याची भाषा जक्कय स्वतःहून बोलला.

दादाने काम सोडायला आणखी बरेच दिवस घेतले. त्या काळात घरी जे झालं, सावकाराकडून ज्या धमक्या आल्या, त्यावर मी लिहीत नाही. वहिनीने शिवणकाम धरलं, तुम्ही दादाला ओळखीने एका गोदामात काम बघून दिलंत, आणि आमची चूल पेटत राहिली.

मला लिहायचं आहे ते शिलाई मशीनबद्दल. एका विधवा बाईची पायडलची मशीन दादाने हप्त्यापोटी उचलून आणली होती आणि ती सावकाराच्या गोदामात धूळ खात होती. दादाने स्वतःच्या पगारातून पैसे भरून ती सोडवली. पट्टा तुटला होता, तो नवा घातला. चाकाला तेल दिलं, लाकडी फळी पॉलिश केली, आणि जायच्या दिवशी त्याचे पाय लटपटायला लागले. तुम्ही टेम्पोत त्याच्या शेजारी बसून गेलात. मीही होते. बाईने दार उघडलं, दादाला पाहिलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. दादा हात जोडून म्हणाला, "ताई, चुकलो." तिने मशीनकडे पाहिलं, पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मशीन ठेव आणि जा. माझ्या पोरांसमोर तू काय बोललास ते मी विसरणार नाही." आणि दार लावून घेतलं.

परतताना दादा पार खचला होता. तिने माफ केलं नाही, मग देवाने तरी केलं का, हाच घोष. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी घरी आल्याआल्या वहीत उतरवून ठेवलं: "माफी द्यायची की नाही हा तिचा हक्क आहे, तो तू मशीन देऊन विकत घ्यायला गेला होतास का? तुझा देवाकडचा हिशेब वधस्तंभावर मिटला आहे. तिथे तुला काही भरायचं नाही, भरता येणारही नाही. तू तिच्याकडे गेलास ते तिचं तिला द्यायला. ती मशीन तिची होती." इफिसकरांस पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाची तीन वचनं तुम्ही टेम्पोत तोंडपाठ म्हटलीत. कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तारण, कर्मांनी नव्हे म्हणजे कोणी बढाई मारू नये, आणि लगेच पुढचं दहावं, की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालेली देवाची हस्तकृती आहोत. आपल्याकडे आठवं आणि नववं वचन भिंतीवर लावतात, दहावं राहून जातं, असं तुम्ही म्हणालात. मी मनापासून सहमत आहे. उलट दहावंच तेवढं धरून बसणारेही मी पाहिले आहेत. ते सेवा करून करून दमतात आणि दुसऱ्यांनाही दमवतात. दादा त्याच वाटेला लागला असता. तुम्ही त्याला वेळीच थांबवलंत.

मग तुम्ही त्याला काम दिलंत. मला वाटलं होतं, बाकं पुसायला सांगाल, सणाला मांडव घालायला सांगाल. तुम्ही सांगितलंत, "तुला सावकारी आतून माहीत आहे. कोरे चेक कसे घेतात, स्टॅम्पपेपरवर सह्या कशा घेतात, दिलेले पैसे वहीत कमी कसे मांडतात. हे तुला पापाने शिकवलं. आता ते प्रभूच्या कामी लाव." महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ सालचा आहे, आणि विनापरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात करता येते, हे दादाला तोवर फक्त वसुलीवाल्याच्या बाजूने ठाऊक होतं. आता तो शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत बसतो. माणसं येतात, आपल्या मंडळीची कमी आणि बाहेरचीच जास्त. तो अर्ज लिहून देतो, कोणते कागद जोडायचे ते सांगतो, आणि कोणी घाबरलं असेल तर सोबत कार्यालयात जातो.

न्यूटनचा शेवटचा भाग तुम्ही त्यासाठीच मागे ठेवला होता, हे मला नंतर उमगलं. १७८८ मध्ये त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली. जहाजाच्या पोटात, कधी पाच फुटांपेक्षाही कमी उंचीच्या जागेत, माणसं दोन थरांत एकमेकांना चिकटून अशी झोपवत, जशी फळीवर पुस्तकं लावतात. हे दुसरा कोणी पाळक लिहू शकला नसता, कारण त्यांनी ती जागा पाहिलेली नव्हती. न्यूटनने ती भरली होती. याच धंद्यात आपला हात होता, ही आपल्याला कायम मान खाली घालायला लावणारी गोष्ट राहील, असंही त्याने त्यात कबूल केलं. पुढे संसदेच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली. विल्यम विल्बरफोर्स हा तरुण खासदार १७८५ मध्ये चोरून त्याचा सल्ला घ्यायला आला होता. त्याला न्यूटनने राजकारण सोडू दिलं नाही. व्यापारबंदीचा कायदा १८०७ च्या मार्चमध्ये झाला आणि त्याच डिसेंबरात न्यूटन गेला. स्वतःच्या स्मृतिशिळेचा मजकूर त्यानेच लिहून ठेवला होता. त्यात एके काळचा नास्तिक आणि स्वैराचारी, आफ्रिकेत गुलामांचा नोकर, अशी स्वतःची ओळख आहे, आणि पुढे प्रभूच्या दयेने राखलेला, क्षमा केलेला आणि सुवार्तेसाठी नेमलेला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे तो स्वतः उपाशी, चिंध्यांत राबला होता, ते त्याने खोडलं नाही. ऑलनीच्या घरात लिहायच्या खोलीच्या भिंतीवर तर त्याने बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन रंगवून घेतलं होतं, मिसर देशात तू दास होतास आणि तुझ्या देवाने तुला सोडवलं याची आठवण ठेव.

आणखी एक धागा तुम्ही ओझरता सांगितलात, तो मी पुढे वाचून काढला. क्लॉडियस ब्युकॅनन नावाचा स्कॉटिश तरुण आईवडिलांना खोटं सांगून व्हायोलिन घेऊन घरून निघाला, लंडनला भरकटला आणि न्यूटनच्या प्रवचनांना येऊ लागला. न्यूटनने त्याला सावरलं. हाच पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचा उपप्रमुख झाला, आणि त्याच कॉलेजात मिशनरी विल्यम कॅरी मराठी शिकवायचे. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोश, आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत आला, श्रीरामपूरहून. आपल्या जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं श्रीरामपूर. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने आईचं जुनं बायबल हातात घेतलं आणि बराच वेळ नुसतं चाळत राहिला.

तो पूर्ण बदलला असं मी लिहिणार नाही. राग अजून येतो, आवाज अजून चढतो, आणि मग तो स्वतःच बाहेर जाऊन उभा राहतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेलं "जो काही मी आहे तो देवाच्या कृपेने आहे" हे वचन त्याने आता पाठ केलं आहे, आणि त्याच वचनात पुढे श्रमांची गोष्ट आहे हे तो मला मुद्दाम वाचून दाखवतो.

त्याला वाचवलं प्रभूने, हे तुम्ही कधी विसरू दिलं नाहीत, त्यामुळे तुमचे आभार मानायलाही संकोच वाटतो. पण टेम्पोत त्याच्या शेजारी तुम्ही बसला होतात. आईच्या, वहिनीच्या आणि माझ्या वतीने, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

नाताळात या. शनिवारी आलात तर थेट मागच्या खोलीतच या. दादा म्हणतो, दोन अर्ज असे अडलेत की तुम्ही नजर घातल्याशिवाय ते पुढे सरकायचे नाहीत.

प्रभूमध्ये आपली,
मंडळीतली एक बहीण