स्लीप अ‍ॅप्निया : यंत्राबरोबर पहिल्या महिन्याची साथही द्या

संपादक महोदय,

झोपेत घशाची वाट वारंवार मिटून श्वास थांबण्याच्या विकाराविषयी, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाविषयी, आता बऱ्यापैकी लिहिले जाते. परंतु स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतील श्वासाच्या तपासणीचा, अहवाल हाती येऊन मास्कवाटे दाबाने हवा सोडणारे सीपॅप यंत्र घरी आले की पुढे रुग्णाला कोणी वाली उरत नाही. याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे लक्ष वेधावेसे वाटते.

माझ्या पतींचा श्वास तासाला तीसहून अधिक वेळा अडखळत होता. वैद्यकीय मोजमापानुसार हा विकार तीव्र समजला जातो. विक्रेत्याच्या माणसाने यंत्र आणले, बटणे दाखवली, खोक्यातला एकमेव मास्क चेहऱ्यावर चढवला आणि तो निघून गेला. मास्क केवळ नाकावर बसणारा होता आणि पतींना तोंड उघडे ठेवून झोपण्याची सवय, त्यामुळे हवा तोंडावाटे निसटून पहाटेपर्यंत घशाला कोरड पडे. यंत्र कपाटात गेले. पुढे एका निद्राविकारतज्ज्ञांनी नाक व तोंड दोन्ही झाकणारा मास्क निवडून दिला, पती झोपतात तसे आडवे करून त्याचे पट्टे बसवले आणि हवेत ओलावा आणणारा ह्युमिडिफायर कसा वापरायचा हे समजावले, तेव्हा कुठे उपचार खऱ्या अर्थाने सुरू झाले.

सीपॅपची कल्पना साधी आहे. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली ती प्रसिद्ध केली : खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने नाकावाटे आत सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. त्यात वेगळा ऑक्सिजन मिसळलेला नसतो. कोविडनंतर मात्र चेहऱ्यावरचा मास्क आणि नळी पाहिली की घरची माणसे धास्तावतात, आजार हाताबाहेर गेला असे समजतात, आणि रुग्णही मग पाहुण्यांपासून यंत्र लपवू लागतो. ही भीती घालवायला डॉक्टरांची दहा मिनिटे पुरतील, पण ती दहा मिनिटे सहसा मिळत नाहीत.

सुरुवात कशी करावी, हेही कोणीतरी सांगायला हवे. दिवसा जागेपणी वाचताना किंवा टीव्ही पाहताना थोडा वेळ मास्क लावून बसले तर गुदमरल्याची भावना ओसरते. रॅम्पची सोय वापरली तर दाब हळूहळू वाढतो. पट्टे करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट नाकावर वळ उठतात. अशा वेळी बहुधा मास्कचे मापच बदलावे लागते. यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवले तर नळीत साचलेले पाणी मास्ककडे येत नाही. जिथे रात्री वीज जाते तिथे बॅटरीचा विचार आधीच करावा लागतो. वापराचे तास, हवेची गळती आणि उरलेले अडथळे यांची नोंद बहुतेक यंत्रांत आपोआप होत असते, परंतु आमच्याकडे ती पाहायला सुरुवातीला कोणी मागितलीच नाही.

बायपॅप (श्वास घेताना व सोडताना वेगवेगळा दाब देणारे) आणि विशेषतः एएसव्ही (श्वासानुसार दाब आपोआप बदलणारे) या यंत्रांबाबत तर ही बेफिकिरी धोक्याची आहे. ज्यांच्या मेंदूकडून श्वासाची सूचनाच मधूनमधून थांबते, अशा सेंट्रल अ‍ॅप्नियाच्या काही रुग्णांना एएसव्ही दिले जाते. मात्र हृदयाची पंपिंग क्षमता 45 टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या आणि प्रामुख्याने सेंट्रल अ‍ॅप्निया असलेल्या हृदयरुग्णांमध्ये या यंत्राने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ या मोठ्या चाचणीत आढळले. त्यामुळे हृदयाची इको तपासणी आणि तज्ज्ञांचा सल्ला यांशिवाय, केवळ ऑनलाइन स्वस्त मिळते किंवा नातेवाइकाकडे पडून आहे म्हणून असे यंत्र कोणीही सुरू करू नये.

स्लीप स्टडी करणाऱ्या रुग्णालयांना माझी विनंती आहे की दोन-तीन प्रकारचे मास्क प्रत्यक्ष लावून पाहणे, पहिल्या आठवड्यात फोनवरून चौकशी आणि महिन्याअखेर यंत्रातील नोंदींची तपासणी या गोष्टी त्यांनी उपचाराचाच भाग मानाव्यात व त्यांचे शुल्क आधीच स्पष्ट सांगावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या छातीरोग विभागांत यासाठी आठवड्यातून एक दुपार राखून ठेवली, तर ज्यांना खासगी तज्ज्ञ परवडत नाहीत त्यांची यंत्रेही कपाटाबाहेर येतील.

आपली विश्वासू,
एक वाचक, नाशिक