फाटकापर्यंत आलेल्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या बालगृहातून परतल्यावर भेटलेला प्रत्येक जण मला शाबासकी देतो आहे, परदेशी जाऊन अनाथ मुलांची सेवा केली म्हणून. ती शाबासकी खरे तर तुमची आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या निघण्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही भिंतीवर, मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर, कागदी पानांची एक माळ लावलीत. रोज सकाळी एका चिमुरडीच्या हातून एक पान काढून घ्यायचे आणि ही पाने संपली की मावशी, म्हणजे मी, आपल्या घरी जाणार, असे तिला सांगायचे, हा तुमचा नेम होता. शेवटच्या दिवशी गाडी नेमकी मुलांच्या झोपेच्या वेळी आली. तुम्ही गाडीवाल्याला थांबवून ठेवलेत, तिची झोप पुरी होऊ दिलीत आणि तिला कडेवर घेऊन फाटकापर्यंत आलात. ती रडली. तुम्ही तिला ‘रडू नकोस’ म्हणाला नाहीत, की तिच्या हातात खाऊ कोंबला नाहीत. ‘मावशी चालली, मी इथेच आहे,’ एवढेच तिच्या कानाशी पुन्हा पुन्हा सांगत राहिलात.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी ज्या संस्थेत होते, तिथे मुले झोपलेली असतानाच निघून जावे असा दंडक होता, म्हणजे रडारड नको! जागे झाल्यावर त्या मुलांनी कोणाला शोधायचे, हा प्रश्न तिथे कोणालाच पडत नव्हता. शुल्क आगाऊ घेतले गेले, प्रमाणपत्र वेळेवर मिळाले, छायाचित्रे तर हवी तेवढी. मात्र मी कोण, माझी पूर्वपीठिका काय, लहान मुलांमध्ये कधी वावरले आहे का, याची चौकशी झाली नाही. मुले कोणाही अनोळखी माणसाच्या मांडीवर चढून बसत आणि पाहुणे त्यांच्या लाघवीपणाचे कौतुक करत. संस्थेत वाढणाऱ्या मुलांची ही सरसकट जवळीक म्हणजे हक्काचे एक माणूस न लाभल्याची खूण असू शकते, हे मला तुमच्याकडे कळले. म्हणूनच पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याकडे मूल न देता धुतलेल्या कपड्यांचा ढीग दिलात, आणि भरवणे, न्हाऊ घालणे, झोपवणे ही कामे शेवटपर्यंत रोजच्या सांभाळणाऱ्या बायकांकडेच ठेवलीत.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लहान मुलांचे, विशेषतः तीन वर्षांखालील मुलांचे, पर्यायी संगोपन, म्हणजे आईवडिलांच्या सांभाळाऐवजी होणारे संगोपन, कुटुंबाच्या वातावरणात व्हायला हवे. आणि याच आमसभेच्या २०१९ च्या ठरावात अनाथालयांतील, पर्यटनाच्या निमित्ताने होणाऱ्याही, स्वयंसेवेमुळे मुलांची होणारी हानी रोखावी असे आवाहन सरकारांना केले आहे. रुमानियातील बुखारेस्टमध्ये संस्थांतील बालकांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात, वयाच्या दोन वर्षांच्या आत संस्थेतून सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ अधिक चांगली झाल्याचे दिसले. तुम्ही मला यातले काहीच ऐकवले नाहीत. मात्र अनाथ म्हणवल्या जाणाऱ्या कित्येक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात हे जाणून, तुम्ही त्या मुलीच्या आजीच्या भेटीचा दिवस कोणत्याही देणगीदारासाठी कधी पुढे ढकलला नाहीत.

सभ्यपणा म्हणून आपण जे मिरवतो ते बहुतेक वेळा मोठ्यांनी मोठ्यांशी पाळायचे शिष्टाचार असतात. ज्याला अजून नीट बोलताही येत नाही, तक्रार करता येत नाही, त्याला न सांगता निघून जायचे नाही, इतका चोख सभ्यपणा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा येण्यासाठी बाजूला ठेवलेले प्रवासाचे पैसे तुमच्या संस्थेकडे पाठवत आहे. ते खेळण्यांवर खर्च न करता सांभाळणाऱ्या बायकांच्या पगारात घालावेत, म्हणजे त्यांच्यापैकी कोणाला पैशांपायी काम सोडावे लागणार नाही. मी येणार नाही, हे त्या मुलीला तुम्ही तुमच्या पद्धतीने सांगालच.

आपली ऋणी,
एक स्वयंसेविका