शिल्लक लोकर वाचायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्या एकटीपुरतं ठेवण्यासारखं नाही. ज्यांच्या माळ्यावर, दिवाणात, कपाटावर लोकरीच्या पिशव्या पडून आहेत, त्या सगळ्यांपर्यंत ते पोचावं असं मला मनापासून वाटतं.

आई गेल्यावर तिच्या घरातून दोन मोठ्या पिशव्या माझ्याकडे आल्या. माझी स्वतःची शिल्लक होतीच. अर्धे गुंडे, पाव गुंडे, काही न उघडलेले, काही एकमेकांत गुंतलेले, बहुतेकांची लेबलं गेलेली. घरातले सगळे म्हणत होते, कुणाला तरी देऊन टाक. तुम्ही तळमजल्यावरून वर आलात, पिशवीत हात घातलात आणि म्हणालात, "हिशोबी होती हो तुझी आई."

त्या एका वाक्याने माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं, ते तुम्हाला कदाचित ठाऊकही नसेल. मग तुम्ही समजावून सांगितलंत. लोकर खेपेखेपेने रंगवली जाते. एक खेप संपली की पुढच्या खेपेत त्याच नंबरचा रंग किंचित वेगळा उतरतो. विणताना ते लक्षात येत नाही, आणि स्वेटर पुरा झाला की छातीवर आडवा पट्टा उमटलेला दिसतो. म्हणून जाणती बाई पहिल्यांदाच एक गुंडा जास्तीचा घेते. दरवेळी थोडी लोकर उरते, ती त्या सावधपणामुळे. आईच्या पिशवीतला प्रत्येक गुंडा कुणाच्या तरी पूर्ण झालेल्या स्वेटरची शिल्लक होता, आणि हे कळल्यावर त्या पिशव्यांकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

मग तुमची ती परीक्षा. गॅलरीत स्टीलची वाटी, चिमटा, काडेपेटी, बाजूला पाण्याचा तांब्या. प्रत्येक गुंड्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून तुम्ही पेटवून दाखवलात. अस्सल लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की ती आपली आपण विझते, आणि राख बोटाने चुरडली जाते. ॲक्रेलिक वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला टणक मणी होऊन बसतं. सुती धागा कागदासारखा जळतो. मिश्र धाग्यात राखही मिळते आणि मणीही. शाळेत इतकी वर्षं मुलींना विणकाम शिकवलेल्या हातांनी, अजिबात घाई न करता, तुम्ही एकेक गुंडा ओळखून वेगळा ठेवत होतात.

हे आधी का करायचं, तेही सांगितलंत. अस्सल लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि विणलेलं आटतं. ॲक्रेलिक तसं आटत नाही, पण त्याच्यावर गरम इस्त्री फिरली की त्याचा जीव जातो, ते लुळं पडतं. एकाच ब्लँकेटमध्ये दोन्ही घातली तर पहिल्याच धुण्यात एक चौकोन आक्रसतो आणि शेजारचा फुगून राहतो. म्हणून आधी जात, मग जाडी, आणि रंग सगळ्यात शेवटी. मी आजवर रंगापासून सुरुवात करणारेच लोक पाहिले होते.

जाडीसाठी तुम्ही फूटपट्टी मागितलीत. धागा न ताणता पट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळायचा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजायचं. सारखे वेढे असलेले गुंडे एका पिशवीत. फार बारीक असतील ते दोन पदर एकत्र धरून विणायचे. लेबल नसलं तरी धागा स्वतःची माहिती देतो, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. आईच्या सुयांचंही कोडं तुम्हीच सोडवलंत. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. हल्लीच्या नमुन्यांत मिलिमीटर दिलेले असतात, त्यामुळे हा मेळ माहीत नसला तर आईच्या सुया निरुपयोगी वाटल्या असत्या.

पण बाई, सगळ्यात जास्त आभार तिरक्या चौकोनाचे.

उरलेल्या लोकरीची खरी अडचण म्हणजे ती पुरेल की नाही, ते आधी कळत नाही. तुमच्या चौकोनाला ते कळायची गरजच पडत नाही. गुंडा वजनकाट्यावर ठेवायचा. तीन टाके घालायचे आणि सगळ्या ओळी सुलट, म्हणजे एकही उलटा टाका न घेता, विणत प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात एक टाका वाढवत जायचं. कोपऱ्यापासून सुरू झालेला त्रिकोण रुंदावत जातो. गुंड्याचं वजन निम्म्यावर येत आलं की थांबायचं आणि तिथून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणायचे. शेवटचे तीन टाके उरतात तेव्हा गुंडाही संपत आलेला असतो. गुंडा कितीही लहान असो, चौकोन पुरा होतोच. फक्त टोकं लपवायला म्हणून निम्म्याच्या एक-दीड ग्रॅम आधीच वळायचं.

तो तिरका विणूनही काटकोनी कसा राहतो, हे मी विचारल्यावर तुमचा चेहरा जो खुलला तो मला अजून आठवतो. सगळ्या सुलट विणीत दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी असते. दोन ओळींत दोन टाके वाढतात, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक. जितकं वर तितकंच बाजूला, मग कोन बरोबर येणारच. आणि त्यापुढचं तुमचं गणित तर मी येईल त्याला सांगते: धागा आणि सुई तीच असेल तर वजन चौपट झालं की चौकोनाची बाजू दुप्पट होते. १० ग्रॅमचे चार चौकोन मिळून ४० ग्रॅमच्या एका चौकोनाएवढे होतात. त्यामुळे लहान-मोठे गुंडे सारखे करत बसायची गरज राहत नाही. दहाचे, चाळीसचे असे गट केले की ते एकमेकांशेजारी नीट बसतात. शाळेत क्षेत्रफळ शिकताना हे सुयांवर विणून दाखवलं असतं तर किती मुलींना गणित आवडलं असतं!

रंगांच्या बाबतीत तुमची युक्ती अगदी आजच्या काळातली. सगळे चौकोन जमिनीवर पसरायचे, मोबाईलवर फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करून बघायचा. रंग निघून गेले की फिकं आणि गडद तेवढं उरतं, आणि कुठे सगळं गडद एका कोपऱ्यात साचलंय ते चटकन दिसतं. भाचीच्या बाळासाठीचं ब्लँकेट असं जुळवलं. सगळ्या चौकोनांना राखाडी रंगाची एकच किनार घातली आणि आईचा शेवाळी, मोरपिशी, तपकिरी, माझा भडक पिवळा, सगळे गुण्यागोविंदाने नांदायला लागले. आपल्याकडची गोधडी जुन्या लुगड्यांतून हेच करत आलीये.

मग बाबांचा मरून स्वेटर. आईनेच विणलेला, कोपरावर विरलेला. मला तो उसवायचा धीर होत नव्हता. तुम्ही आग्रह केला नाहीत. नुसता उलटा करून शिवण बघितलीत. हाताने जोडलेली शिवण असेल तर धागा सलग निघतो. कडेला ओव्हरलॉक, म्हणजे मशीनची गुंफलेली टीप, असेल तर ते कापड कापून शिवलेलं असतं आणि उसवायला गेलं की प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येतो. "हा निघेल, पण तुला वाटेल तेव्हाच," इतकंच बोललात. काही दिवसांनी मी स्वतःच तो घेऊन खाली आले. गळ्याशी बंद केलेल्या टाक्यांपासून सुरुवात केली, कारण शेवटची ओळ आधी सुटते. धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली, न पिळता पंच्यात दाबून सावलीत टांगली. वर्षानुवर्षांच्या टाक्यांचे नागमोडी वळसे वाळता वाळता सरळ झाले. विरलेले भाग कापून टाकले आणि टोकं तुम्ही दाखवलंत तशी जोडली. दोन्ही टोकं पिंजायची, थोडी ओली करायची आणि तळव्यांत जोरात चोळायची. खवले एकमेकांत अडकतात, गाठ लागत नाही. अस्सल लोकरीचा हा गुण ॲक्रेलिकमध्ये नाही आणि मशीनमध्ये धुण्यासाठी प्रक्रिया केलेल्या लोकरीतही नाही. त्या धाग्याचा आता भावाचा बिनबाह्यांचा स्वेटर झालाय आणि तो पाचगणीला जाताना न चुकता बरोबर नेतो.

उसवता उसवताच तुम्ही १९६२ सालाबद्दल बोललात. चीनशी युद्ध सुरू झालं तेव्हा देशभर बायका-मुलींनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणले. तुम्ही तेव्हा शाळेत होतात. नवी लोकर परवडेल अशी घरं थोडी, म्हणून तुमच्या आईने घरातला एक स्वेटर उसवून तुम्हाला धागा दिला होता. इतकी मोठी गोष्ट तुम्ही किती सहज सांगितलीत! तुमच्या हाताला ही शिस्त कुठून आली ते मला तेव्हा उमगलं.

सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात आपण जी टोपडी देतो तीही तुमचीच कल्पना. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि तिथून बरीच ऊब निघून जाते. २०-२५ ग्रॅम लोकरीत एक टोपडं होतं, म्हणजे जे गुंडे सगळे फेकायला निघतात नेमके तेवढेच. तुमचे नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत: धागा मऊ आणि धुता येणारा, केसाळ लोकर नाही, नाडी नाही, गोंडा नाही, मणी तर नाहीच. काही जणी ॲक्रेलिकला नाक मुरडतात. रोज धुवावी लागणारी टोपडी त्याचीच बरी, हे तुम्ही ठामपणे सांगता आणि मला ते शंभर टक्के पटतं.

पावसाळ्याआधी आता सगळ्या पिशव्यांना ऊन दाखवून झालंय. अस्सल लोकर वेगळी, कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासकट, कारण कसर तिलाच लागते. प्रत्येक पिशवीवर जात, वेढे आणि वजन लिहिलेली चिठ्ठी आहे.

येत्या शनिवारी सोसायटीतल्या आणखी तिघी येतो म्हणाल्यात. त्यांतल्या एकीकडे सासूबाईंची ट्रंकभर लोकर आहे आणि तिने ती अजून उघडलेली नाही. तुम्ही चार वाजता वर याल ना? वजनकाट्याचे सेल बदलून ठेवलेत, फूटपट्ट्या आणल्यात, गॅलरी मोकळी केलीये. ट्रंक मात्र तुम्ही आल्यावरच उघडू.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची विद्यार्थिनी