बूस्टरचे प्रमाणपत्र मागितले, आले चार्जरचे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: मोबाइल सिग्नल बूस्टर 'सरकारमान्य' म्हणून विकल्याबद्दल तक्रार व पैसे परत मिळणेबाबत

महोदय,

सदाशिव पेठेत तळघरात आमचे झेरॉक्स-बायंडिंगचे दुकान आहे. खाली रेंज नाही, म्हणून आपल्या कंपनीचा बूस्टर घेतला. खोक्यावरच्या सोनेरी स्टिकरवर 'शंभर टक्के सरकारमान्य' असे ठळक छापले आहे. आपल्याच माणसाने गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी अँटेना बसवून दिला.

पुढे मोबाइल कंपनीचे इंजिनिअर मोजणीचे यंत्र घेऊन गच्चीगच्ची शोधत आमच्याकडे पोहोचले. आसपासच्या लोकांचे कॉल तुटत होते. असा बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतो, असे त्यांनी सांगितले. आमचा प्लग काढला आणि त्यांच्या यंत्रावरची रेघ खाली आली. शेजाऱ्यांसमोर शोभा झाली ती वेगळीच.

आपल्याकडे प्रमाणपत्र मागितले, तर बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीची पीडीएफ आली. ती बूस्टरसोबतच्या चार्जरची आहे! बूस्टरबद्दल त्यात अवाक्षर नाही. फोनवर आपल्या प्रतिनिधींनी सीई आणि एफसीसीच्या खुणा दाखवल्या. सीई युरोपची, एफसीसी अमेरिकेची. त्यांचा पुण्यात काय उपयोग? अमेरिकेतही प्रमाणित बूस्टर मोबाइल कंपनीकडे नोंदवावा लागतो. मग म्हणाले, ईटीए, म्हणजे रेडिओ उपकरणांना मिळणारी सरकारी मान्यता, येईल. ती वाय-फाय, ब्लूटूथसारख्या परवानामुक्त लहरींवरच्या उपकरणांना सहज मिळते. मोबाइलच्या लहरी कंपन्यांनी लिलावात घेतलेल्या आहेत. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणीही बूस्टर विकणे, बाळगणे किंवा वापरणे बेकायदा आहे, हे दूरसंचार विभागाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे कागद कुठलाही आणलात तरी आपल्याला हा माल आम्हाला विकताच येत नव्हता.

सध्या वाय-फाय कॉलिंगवर काम भागते. गिऱ्हाइकालाही पासवर्ड देतो. पेठेत एवढे औदार्य पुष्कळ झाले.

'आधी बूस्टर परत पाठवा, मग पैसे' ही आपली अट मला मान्य नाही. तो पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात मारला जाईल. तो काढून बंद करून ठेवला आहे आणि दूरसंचार विभाग सांगेल त्यांच्याच हवाली करीन. बूस्टरची किंमत व बसवणावळ पूर्ण परत करावी आणि 'सरकारमान्य' ही जाहिरात काढावी.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच व महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आणि पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

आपला ग्राहक,
सदाशिव पेठ, पुणे

सोबत: पावती, स्टिकरचा फोटो, चार्जरचे प्रमाणपत्र