विळीचा काप आणि धनुर्वाताची सुई

महोदय,

मी निवृत्त परिचारिका, साखर पेठेत राहते. गल्लीत कोणाचं बोट कापलं की आधी माझं दार वाजतं. "मावशी, विळी गंजलेली होती, सुई घ्यावी लागेल का?"

धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात; चकचकीत विळीही अंगणात पडलेली असेल तर धोका आहेच. म्हणून मी विचारते, शेवटची सुई कधी घेतली? ते कोणालाच आठवत नाही! लहानपणचे डोस पूर्ण असतील तर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी. जखम खोल किंवा मळकी असेल, तर शेवटच्या सुईला पाच वर्षं उलटली असली तरी घ्यावी. मुलांना 10 आणि 16 व्या वर्षी ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

खरं काम साबण आणि वाहतं पाणी करतं. पण आमच्याकडे नळ काही दिवसांआड, म्हणून बायका पिंपात बोट बुडवतात, नाहीतर विडीची तंबाखू दाबतात. (हळदीवरून तर माझी रोज भांडणं.) तांब्याने वरून धार धरा, स्वच्छ फडक्याने दाबा. सूज, पू, ताप दिसला तर दवाखाना. साखरेचा आजार असेल आणि जखम पायाला असेल, तर त्याच दिवशी.

– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर